पुरणयंत्रातून पास्ता सॉस: टोमॅटोचा साधा लाल सॉस घरच्या घरी

आमच्या घरी पहिल्यांदा पास्ता झाला तो कोल्हापुरी. पुण्यात शिकणारा भाचा सुट्टीला आला होता, येताना पाकीट घेऊन आला. मी रोजच्या सवयीनं कांदा परतला, आलं-लसूण घातलं, टोमॅटो घातला आणि मग हात आपसूक बरणीकडे गेला. कांदा-लसूण चटणी, दोन चमचे. वरून कोथिंबीर. ताटं चाटूनपुसून रिकामी झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाचा म्हणाला, "मामी, हा पास्ता नाही. मिसळीच्या कटात घातलेली मॅकरोनी आहे ही."

त्यानंतर बरेच किलो टोमॅटो आटवले. आता माझं पक्कं मत झालंय की या सॉसला जे जे लागतं ते कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. यंत्र आहे, भांडं आहे, 'तेल सुटलं की झालं' ही पारखसुद्धा आहे. अडतं एवढंच, की बरणीकडे जाणारा हात थांबत नाही. म्हणून आधीच सांगते: या सॉसात हळद नाही, जिरं-मोहरी नाही, आलं नाही, गरम मसाला नाही, चटणी नाही. टोमॅटो, तेल, लसूण, मीठ आणि तासभर वेळ.

काय काय घ्यायचं

चार माणसांच्या अंदाजानं:

टोमॅटो १ किलो, पूर्ण पिकलेले
तेल ४ मोठे चमचे
लसूण ५-६ जाड पाकळ्या
मीठ १ छोटा चमचा, पुढे चवीनं
बेडगी मिरची १, अख्खी (नसली तरी चालेल)
बेसिलची ८-१० पानं (न मिळाल्यास काय, ते पुढे येईल)
गूळ वाटाण्याएवढा, लागलाच तर
पास्ता ३५० ते ४०० ग्रॅम

टोमॅटोत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं. सालं-बिया जाऊन आणि पाणी आटून एक किलोचा दाट सॉस ४०० ते ४५० ग्रॅमच होतो. पातेलंभर टोमॅटोचा वाडगाभर सॉस बघून पहिल्यांदा मन खट्टू होतं. होऊ दे.

मंडईत

कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलात तर टोमॅटो दोन तऱ्हेचे दिसतील. एक गावठी: बसका, कडेला खाचा असलेला, पातळ सालीचा, आंबट आणि रसाळ. दुसरा हायब्रीड: लांबट, अंड्यासारखा, जाड सालीचा, गर भरपूर, पाणी कमी. इटलीत नेपल्सजवळ, व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या पायथ्याच्या मातीत सॅन मार्झानो नावाचा लांबोळा टोमॅटो होतो, सॉससाठी तो नावाजलेला. आपला हायब्रीड दिसायला त्याच वळणाचा, पण वासात फार मागे. तो गाडीतून लांबचा प्रवास करण्यासाठी निवडलेला वाण, आणि बहुतेक वेळा अर्धकच्चाच तोडलेला असतो.

मी पाऊण किलो लांबट आणि पाव किलो गावठी घेते. लांबट दाटपणा देतो, गावठी जीव आणतो. नुसत्या गावठीचा सॉस आंबट होतो आणि आटता आटत नाही. नुसत्या हायब्रीडचा दिसतो झकास, लागतो मात्र भिजवलेल्या कागदासारखा.

आता खरी मेख. भाजीवाल्या मावशी टोकरीत वर मांडतात ते टोमॅटो घट्ट आणि चकचकीत. ते कोशिंबिरीला ठीक. सॉसला हवेत ते खाली, बाजूला ठेवलेले, लालभडक, बोटानं दाबलं की जरा दबणारे. संध्याकाळी त्यांचा वाटा लावलेला असतो आणि दर निम्म्यावर आलेला असतो. मी असले टोमॅटो वेचत बसले की आमच्या नेहमीच्या मावशी विचारतात, "सार करतीस काय गं?" मी होय म्हणते. पास्त्याचं सांगत बसले तर दर वाढायचा. मात्र मऊ आणि सडका यातला फरक बघून घ्या. देठापाशी काळं, चिरलेलं, बुरशीचं किंवा पाणी गळणारं फळ नको.

पिकलेले मिळाले नाहीत तर घट्ट आणा आणि वर्तमानपत्रावर देठाकडची बाजू खाली करून दोन-चार दिवस पसरून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण १२ अंशांच्या खालच्या गारव्यात टोमॅटोचा वास तयार होणंच मंदावतं. मग चव येत नाही. थंडीच्या दिवसांत टोमॅटो स्वस्त आणि चवदार दोन्ही असतो, तेव्हा मोठा घाट घालावा. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता, तसल्या दिवसांत हा लेख बाजूला ठेवून पिठलं करावं.

माळ्यावरचं यंत्र

टोमॅटोच्या साली आणि बिया काढायला इटालियन घरांत एक हातानं फिरवायचं यंत्र असतं. खाली भोकांची चकती, वर फिरणारं पातं, बाजूला किंवा वर मूठ. त्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्यानं हसले. ते पुरणयंत्र आहे. होळीला खाली उतरतं आणि पोळ्या झाल्या की माळ्यावर जातं, तेच.

कृती अशी. टोमॅटो धुवून, देठाचा पांढरा कडक भाग कापून टाका आणि प्रत्येकाच्या चार फोडी करा. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात पाणी न घालता टाका, झाकण ठेवा, मंद ते मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. पहिली दोन मिनिटं खाली लागतील अशी भीती वाटते, एकदा हलवा. मग त्यांचंच पाणी सुटतं आणि फोडी अंग टाकतात. साली कडेनं गुंडाळून वर यायला लागल्या की गॅस बंद करून दहा मिनिटं निवू द्या.

पुरणयंत्राला सगळ्यांत बारीक भोकांची चकती लावा. एका वेळी दोन डाव टोमॅटो, त्याहून जास्त नको. आधी नुसतं लाल पाणी खाली येईल, मग गर यायला लागेल. मूठ जड झाली किंवा चकती तुंबली की एक उलटा फेरा द्या. पातं मागं फिरलं की साली उचलल्या जातात आणि भोकं मोकळी होतात. पुरण वाटताना हात हे आपोआप करतो. शेवटी यंत्रात साली आणि बियांचा कोरडा चोथा उरला पाहिजे. तो हातात दाबून अजून रस निघत असेल तर पुन्हा एकदा फिरवा.

आणि चकतीची खालची बाजू विसरू नका. सगळ्यांत दाट गर तिथंच चिकटून बसतो, दोन-तीन मोठे चमचे तरी. बोटानं किंवा चमच्यानं निपटून घ्या. पहिल्या वेळी मी तो तसाच धुऊन टाकला होता.

यंत्र स्टीलचं असावं. आजीच्या काळातलं पितळी असेल आणि कल्हई उडालेली असेल तर टोमॅटोच्या आंबटाला ते लावू नका.

पुरणयंत्र नसेल तर किसणी. टोमॅटो आडवा अर्धा कापायचा, कापलेली बाजू किसणीवर घासायची. गर खाली पडतो, साल तळहातात राहते. कच्चाच किसायचा, शिजवायची गरज नाही. बिया राहतात, पण राहू देत. तिसरी वाट म्हणजे टोमॅटोच्या बुडाला फुलीची चीर देऊन उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, साली सुटतात, मग हातानं कुस्करायचं. हा सॉस जाडाभरडा होतो आणि काहींना तोच आवडतो. एक मात्र करू नका: बियांभोवतीचा बुळबुळीत गर चमच्यानं काढून फेकू नका. टोमॅटोचा आंबटपणा आणि रुची बाहेरच्या मांसल भागापेक्षा त्यातच जास्त असते.

मिक्सर? चालतो, पण मला पटत नाही. त्यात हवा घुसते, रंग लालाचा भगवा-गुलाबी होतो आणि बिया फुटून कडवट छटा येते. शिवाय माझा एक जुना हिशेब आहे. घाईत गरम टोमॅटो भांड्यात भरून झाकण दाबलं आणि बटण फिरवलं. आतल्या वाफेनं झाकण उडालं. हाताला भाजलं नाही हे नशीब, पण ओट्यावरच्या छताला तो डाग आजही आहे. रंग देताना दोनदा झाकला, दोन्हीदा वर आला. वापरायचाच तर टोमॅटो पूर्ण गार करा, भांडं अर्धंच भरा आणि नुसते दोन-तीन झटके द्या.

भांडं कुठलं

लोखंडी कढईत मी एकदा हा सॉस केला. भाजी लोखंडात केली की चांगली, मग सॉस का नको, असा विचार. पाऊण तास आंबट पदार्थ लोखंडात शिजला की काय होतं ते कळलं: रंग काळपट तांबडा आणि जिभेवर खिळा चाखल्यासारखी चव. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यातही तीच कथा, आंबट त्यालाही खातं. जाड बुडाचं स्टील किंवा चांगलं नॉनस्टिक घ्या, आणि पसरट घ्या. उंच अरुंद डब्यात पाणी आटायला दुप्पट वेळ जातो.

कुकरच्या शिट्ट्यांनी काम लवकर होईल असं वाटतं, पण कुकर पाणी आत कोंडतो आणि आपल्याला ते बाहेर घालवायचं असतं.

लसूण

इथं आपल्या आणि त्यांच्या हाताची चाल वेगळी आहे. आपण तेल कडक तापवतो, ठेचलेला लसूण टाकतो, चर्र होतो, खमंग लाल झाला की पुढे. फोडणी म्हणून ते बरोबरच. सॉसाला लसूण ठेचायचा नाही. पातळ चकत्या करायच्या. लसूण जितका चिरडाल तितका त्याचा उग्रपणा सुटतो, आणि इथं तो मागं राहायला हवा.

तेल थंड असतानाच चकत्या घाला आणि मग गॅस मंद लावा. तीन-चार मिनिटांत कडेनं बारीक बुडबुडे येतील, घरभर वास सुटेल. चकत्यांच्या कडा जेमतेम पिवळसर झाल्या की लगेच टोमॅटोचा रस ओता. तपकिरी होईपर्यंत थांबलात तर कडू लागेल, आणि तो कडवटपणा पुढं गूळ घालूनही जात नाही. लसूण करपला तर तेलासकट टाकून पुन्हा सुरू करा. चार चमचे तेलाचं दुःख करू नका, एक किलो टोमॅटो वाचतात.

मिरची घालायची असेल तर बेडगी अख्खी, लसणाबरोबर तेलात. मोडायची नाही. रंग आणि थोडी ऊब देते, पुढं काढून टाकता येते. 'मिरची इटलीत कुठली?' असं कुणी नाक मुरडलं तर सांगा की टोमॅटोच्या सॉसची छापील पाककृती इटलीत पहिल्यांदा १६९० च्या दशकात नेपल्समध्ये अँटोनियो लातिनी या आचाऱ्यानं दिली, आणि त्यात मिरची होती. तो सॉस पास्त्यावर नव्हता. भाजलेले टोमॅटो सोलून बारीक चिरायचे, त्यात कांदा, मिरची, मीठ, तेल, व्हिनेगर. आपल्या ठेच्याच्या शेजारी ताटात ठेवला असता तर कुणी परका म्हणालं नसतं. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून युरोपात आलेली. पास्ता आणि टोमॅटो यांची जोडी नीट जमायला त्यानंतर शंभरेक वर्षं गेली.

तेल कुठलं, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ऑलिव्ह तेल असेल तर उत्तम. सगळं त्याचंच परवडत नसेल तर शिजवायला रिफाइंड शेंगतेल किंवा सूर्यफूल वापरा आणि गॅस बंद केल्यावर एक चमचा ऑलिव्ह वरून सोडा. वास शेवटी घातलेल्या चमच्याचाच येतो. लाकडी घाण्याचं शेंगतेल मला जिवापाड आवडतं, पण या सॉसात ते टोमॅटोवर बसतं.

कांदा घालायचा की नाही, यावर दोन पंथ आहेत. घालायचाच असेल तर लसणाच्या आधी, अगदी बारीक चिरून, मंद आचेवर दहा मिनिटं, पारदर्शक आणि गोड होईपर्यंत. लाल करायचा नाही. मी टोमॅटो आंबट असले तरच घालते.

आटवणं

रस ओतला की मीठ घाला आणि आच मध्यम करा. पहिली दहा मिनिटं पातळ पाणी खळखळ उकळतं, बुडबुडे बारीक आणि घाईचे. वर फेस येईल, तो हलवून मोडा. मग आच मंद. आता २५ ते ३० मिनिटं, झाकण न ठेवता. शिंतोडे उडतात, म्हणून जाळीची झाकणी असेल तर ती ठेवा किंवा झाकण तिरकं करून मोठी फट सोडा. दर चार-पाच मिनिटांनी बुडापासून हलवत राहा.

घड्याळापेक्षा कान आणि डोळे कामाला येतात. पाणी आटत आलं की आवाज बदलतो. खळखळ जाऊन पिठल्यासारखं फद्-फद् सुरू होतं, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. उलथन्यानं बुडावर रेघ ओढा: ती लगेच बुजली तर अजून वेळ आहे, दोन क्षण उघडी राहिली तर जवळ आलात. एक थेंब ताटलीवर टाका. भोवती पाण्याचं कडं पसरलं तर अजून आटवा.

आणि शेवटची खूण. एके दिवशी मी ताटली, रेघ, सगळं करत उभी होते. सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या, ओट्यापासून चार हात लांब. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, तेल सुटलं की कडंला. उतर आता." मी पाहिलं तर खरंच, कडेनं तांबूस तेलाची बारीक झालर आली होती. त्यांना ते दिसलं नव्हतं, ऐकू आलं होतं. पाणी संपलं की तेलाचा चरचर आवाज वेगळा येतो. तांबड्या रश्श्याचा मसाला साठ वर्षं परतलेला कान आहे तो.

"खाणार का थोडा?" मी विचारलं.

"मी खातो की. पण भाताबरोबर दे. ती नळ्या-नळ्या नको मला."

कमी आटवलात, म्हणजे वीसेक मिनिटंच, तर सॉस ताजा, लालभडक आणि जरा आंबट राहतो. तासभर आटवलात तर गडद, गोडसर, मुरंब्याकडे झुकणारा. दोन्ही बरोबर. मी मधली वाट धरते.

आंबट-गोड जमवणं

चव घ्या ती चमच्यानं, निववून. गरम असताना चव नीट कळत नाही. खूप आंबट लागला तर आधी मीठ पुरेसं आहे का ते बघा. निम्म्या वेळा मिठाचीच कमतरता असते. तरीही आंबट असेल तर वाटाण्याएवढा गूळ. गोडानं आंबट कमी होत नाही, नुसतं झाकलं जातं, म्हणून गूळ कळेल इतका घालायचा नाही. चिक्कीसारखा वास आला की फसलं. आपला गूळ वासाला खमंग, त्यामुळं हात आखडूनच.

आंबट खरंच कमी करायचं असेल तर खायचा सोडा, चिमटीच्या टोकावर मावेल एवढाच. फसफसून वर येतो, घाबरू नका, हलवा. आम्लाशी भिडून तो ते मारतो. जास्त पडला तर मात्र साबणाची चव, आणि मग उपाय नाही.

एक आमचा घरगुती शेवट: गॅस बंद करून चमचाभर म्हशीचं ताजं लोणी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला माणसं जमतात त्या गावात लोण्याची वानवा नाही. आंबटाची धार बोथट होते, सॉस चकाकतो.

तुळस नव्हे, सब्जा

बेसिल म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी दारातल्या वृंदावनातली तुळस तोडून दिली होती. मनापासून दिली, पण सॉसाला काढ्याची चव आली. तुळस आणि बेसिल बहिणी आहेत, पण तुळशीत लवंगेसारखा तिखट वास असतो. खरं बेसिल म्हणजे आपला सब्जा. फालुद्यात भिजवून घालतो ते काळे दाणे ज्या झाडाचे, ते आणि इटालियन बेसिल एकाच जातीचं. सब्ज्याच्या पानांना थोडी बडीशेपेची झाक असते इतकंच. कुंडीत मूठभर सब्जाबी टाका, पाणी घाला, दीड-दोन महिन्यांत पानं मिळतील. तुरे आले की खुडत राहा, नाहीतर पानं कमी होतात. पानं गॅस बंद केल्यावर हातानं फाडून घालायची. शिजवली तर वास उडतो.

ओरेगॅनोच्या पुड्या पिझ्झाबरोबर येतात आणि प्रत्येकाच्या डब्यात साठलेल्या असतात. त्या चिमूटभर, शेवटच्या दहा मिनिटांत. किंवा कुंडीतला पानओवा, ज्याची आपण भजी करतो. त्याचा वास ओरेगॅनोच्या फार जवळचा. एक पान, अगदी बारीक चिरून. दोन घातली तर भजीची आठवण येते.

पास्ता आणि त्याचं पाणी

पाकिटावर 'ड्युरम गहू' किंवा 'सेमोलिना' लिहिलंय का ते बघा. ड्युरम म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्या जातकुळीचा कडक, पिवळसर गहू, आणि सेमोलिना म्हणजे त्याचा रवा. मैद्याचा पास्ता स्वस्त असतो, पण शिजताना गिच्च होतो आणि सॉस धरत नाही.

१०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ, म्हणजे दोन छोटे चमचे सपाट, हा इटालियन हिशेब. मी ४०० ग्रॅमला तीन लिटर घेते, चालतं. पाणी खळखळून उकळल्यावर मीठ, मग पास्ता. तेल घालू नका, त्यानं पास्त्याला बुळबुळीत थर बसतो आणि सॉस निसटतो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा चावून बघा. आत बारीक पांढरा ठिपका आणि दाताला थोडा कस लागला पाहिजे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि मी बरेच दिवस नेमकं हेच चुकत होते. चाळणीत ओतायच्या आधी वाटीभर पाणी काढून ठेवा. भाताची पेज जशी, तसं हे पिठूळ, खारट पाणी. सॉसला तेल सुटलंय, ते ताटात वेगळं तरंगायला नको. मिसळीवर तर्री तरंगली तर आपण खूश, इथं ती सॉसात मिसळून जायला हवी, आणि ते काम हे पाणी करतं.

पास्ता निथळा, नळाखाली धुऊ नका. सॉसच्या भांड्यात टाका, अर्धी वाटी पेज घाला, आच मोठी करा आणि दीड-दोन मिनिटं जोरात हलवत राहा. राहिलेलं शिजणं सॉसातच होतं. तेल-पाणी एकजीव होऊन सॉस प्रत्येक तुकड्याला चकाकीनं लपेटतो. कोरडा वाटला तर अजून पेज. वाढताना थोडा सैलच असू द्या, ताटात जाईपर्यंत तो आळतो.

चीज किसून घालायचं असेल तर कडक, खारट जातीचं थोडं. प्रोसेस्ड चौकोनी चीजनं सॉस दुधाळ होतो, मुलांना आवडतो, माझी हरकत नाही.

टिकवणं

थंडीत दर पडला की मी अर्धा कॅरेट आणते आणि सासूबाई व मी मिळून दुपारभर बसतो. पूर्ण गार झालेला सॉस काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये चार दिवस. जास्त करायचा तर फ्रीझर: एका जेवणाला पुरेल एवढे छोटे डबे, वर बोटभर जागा सोडून, कारण गोठताना तो फुगतो. तीन महिने चव टिकते. बर्फाच्या साच्यात गोठवून वड्या पिशवीत भरल्या तर आमटीतही एखादी टाकता येते. तारीख चिकटवा. आमच्या फ्रीझरमध्ये एकदा कोकमाचं आगळ समजून सॉस निघाला होता.

लोणच्यासारखी बरणी भरून फडताळात मात्र ठेवू नका. वर तेलाचा थर आहे म्हणजे टिकेल हा हिशेब लोणच्याचा, त्यात मीठ आणि आंबट भरपूर असतं. या सॉसात मीठ थोडं, टोमॅटोचं आंबट काठावरचं आणि त्यात तेल-लसूण. असल्या बंद बरणीत बोट्युलिझमचे विषारी जंतू वाढू शकतात, आणि त्याचा वासही येत नाही, चवही बदलत नाही.

उरलेला सॉस सासूबाई ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात, वर कच्चा कांदा. मी बाजूला चटणीची बरणी ठेवते, आता तिला आडकाठी नाही.

पुरणयंत्र लगेच, ओलं असतानाच धुवा. साली वाळून चकतीच्या भोकांत बसल्या की टोचणीनं काढत बसावं लागतं. चकती उजेडासमोर धरून बघा, सगळी भोकं मोकळी दिसली पाहिजेत. मग पुसून, उन्हात खडखडीत वाळवूनच माळ्यावर टाका. गेल्या होळीला आमच्या पुरणात टोमॅटोची बी निघाली, तीही नेमकी पाहुण्यांच्या पोळीत.